आतली कडी

सकाळी चहाचं आधण ठेवायला म्हणून सत्यशीला स्वयंपाकघरात आली आणि टेबलापाशीच थबकली. टेबलावर आईच्या घराचं मॉडेल होतं. शेवगावच्या पुढं, स्वतःच्या रानात बांधायला घेतलेल्या घराचं. ऑफिसातल्या कुणाला हात लावू न देता तिनं स्वतः बसून पुठ्ठ्यातून कापलेलं. त्याच्यावरचं उतरतं छप्पर कुणीतरी अलगद उचलून मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलं होतं आणि भिंतींवर पोळपाट घातला होता. चांगला जाडजूड, सागवानी, कडेला पीठ वाळलेला पोळपाट. भिंतींच्या वरच्या अंगाला ब्लेडनं कोरलेली नाजूक जाळी त्याच्या भारानं एका कोपऱ्यात चेपून गेली होती. कुणीतरी म्हणजे कोण, घरात माणसं दोनच. मालनबाई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून परातीत भाकरी थापत होती आणि मागं वळून बघायचं तिच्या अजिबात मनात दिसत नव्हतं.

“आई, हे काय?”

“स्लॅब,” मालनबाई म्हणाली.

“अगं, मोडलं ना ते सगळं!”

“पुठ्ठा त्यो. मोडायचाच.” तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. “सत्ये, एक सांगू? राग धरू नगंस. ते घर तुझं हाय. माझं न्हाई. बांध, झकास बांध, लोकान्ला दाखीव. पर मी तिथं ऱ्हायची न्हाई.”

आता हे वाक्य काही एवढं मोठं नव्हतं. सत्यशीलानं याच्यापेक्षा वाईट कितीतरी ऐकून घेतलं होतं आणि पचवलंही होतं. तिचं मातीच्या विटांचं डिझाइन बघून सावेडीतल्या एका डॉक्टरनं ‘मॅडम, आम्ही गरीब दिसतोय का तुम्हाला?’ असं तोंडावर विचारलं होतं, आणि तिनं त्याच डॉक्टरला त्याच विटांच्या घरात राहायला घातलं होतं. आता तो उन्हाळ्यात पाहुण्यांना धरून आणतो आणि भिंतीला गाल लावून बघायला सांगतो. नगरमधले बिल्डर पाठीमागं तिला ‘माती मॅडम’ म्हणायचे. ते तिच्या कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. बाकी सगळ्यांना मातीची, दगडाची, चुन्याची घरं बांधून देता आणि स्वतः मात्र सिमेंटच्या चौथ्या मजल्यावर राहता, असं कुणी टोचलं तर ती म्हणायची, ‘न्हाव्यानं स्वतःचं डोकं स्वतः भादरलेलं बघितलंय का कधी?’ आणि समोरचा गप्प व्हायचा. माणसाला गप्प करणं तिला जमायचं. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत तिनं या जिल्ह्यात जेवढी घरं उभी केली त्यातलं एकही गळलं नव्हतं, एकही तडकलं नव्हतं, आणि आपण बरोबर आहोत ही खात्री तिच्या चालण्याबोलण्यातून नुसती वाहायची. मग आईचं एवढंसं बोलणं छातीत असं का अडकून बसावं? चहाचं आधण ठेवायचं विसरून ती त्या पोळपाटाकडं बघत उभी होती.

कारण हे घर तिचं सगळ्यात चांगलं घर होतं. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. विहिरीच्या खोदकामातून निघालेला काळा दगड जोत्याला आणि खालच्या भिंतींना वापरलेला, शेततळ्याची माती चाळून, दाबून केलेल्या विटा वरच्या भिंतींना, सांध्यांना चुना. बाहेरून आणलेलं असं त्यात जवळजवळ काही नव्हतंच. आणि सगळ्यावर कडी म्हणजे ती जाळी. छपराच्या खाली, चारी भिंतींच्या माथ्यावर, एक वीट आणि एक मोकळी जागा अशी रचत नेलेली पट्टी. तापलेली हवा वर चढणार आणि जाळीतून बाहेर पडणार, खालच्या खिडक्यांतून नवी येणार. वैशाखात पंखा लावायची गरज नाही. आणि सकाळ-संध्याकाळ त्या जाळीतून उन्हाच्या पट्ट्या आत उतरणार, भिंतीवरून सरकत सरकत जमिनीवर येणार. त्या पट्ट्यांचं चित्र तिनं आधी मनात काढलं आणि मग त्याच्याभोवती घर रचलं, असंही म्हणता येईल. पुण्याच्या कॉलेजात पुढच्या महिन्यात याच घरावर बोलायचं होतं. पडद्यावरच्या पहिल्या चित्राला तिनं नावही देऊन ठेवलं होतं, ‘आईचं घर’. आणि आई म्हणते, तुझं घर. वाल्मिक मिस्त्री आज जाळीच्या विटा लावायला सुरुवात करणार होता. आज सुरुवात झाली की झाली. मग ते घर तसंच व्हायचं, आणि मालनबाई तिथं राहायची नाही म्हणाली म्हणजे नाहीच राहायची. हट्टाच्या बाबतीत मायलेकी एकाच मापाच्या होत्या.

“चल माझ्याबरोबर साइटवर,” सत्यशीला म्हणाली. “जागेवर बघ आणि मग बोल.”

“चल की. मी कुठं न्हाई म्हनले?”

भिंगार मागं पडलं, उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या समोरून खडखडत येत होत्या, आणि मालनबाई शेजारच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन ताठ बसली होती. सीटचा पट्टा तिला आवडत नसे. बांधून घातल्यासारखं वाटतं म्हणायची, पण सत्यशीलासाठी लावून घ्यायची. गाडीचा एसी मात्र तिला फार प्रिय. काचा बंद, बाहेरचा आवाज बंद, अशा गाडीत बसली की तिचा चेहरा सैल पडायचा, हे सत्यशीलानं पुष्कळदा पाहिलं होतं आणि म्हातारीला थंड हवा मानवते एवढाच त्याचा अर्थ लावला होता. करंजी घाट लागला तसा सत्यशीलानं विषय काढला. स्लॅबचं खूळ आईच्या डोक्यात कुणी भरवलं? गावातल्यांनीच, दुसरं कोण. गावात आता स्लॅब पडला म्हणजे माणूस वर आला. स्लॅब टाकायच्या दिवशी जेवणावळ असते, लापशी असते, फटाके असतात. लग्न जमवताना मुलीकडचे आधी मान वर करून छत बघतात आणि मग मुलाकडं बघतात.

“स्लॅब काय करतो माहितेय ना?” सत्यशीला म्हणाली. “दिवसभर ऊन पितो आणि अंधार पडला की तुझ्या डोक्यावर ओततो. मामांच्या शेवगावच्या नव्या घरी मे महिन्यात काय अवस्था होते, विसरलीस? सगळे गच्चीवर पाणी मारत बसतात.”

“उकडू दे.”

“उकडू दे काय? तुला बीपी आहे.”

“उकडतंय म्हंजे कुठनं वारा येत न्हाई,” मालनबाई म्हणाली. “वाऱ्याचं कवतिक तुला. मी जन्मभर वाराच खाल्लाय.”

“आणि उजेड? उजेड पण नको?”

मालनबाई घाटाच्या वळणावर बाहेर बघत म्हणाली, “तसला नगं.”

तसला म्हणजे कसला, हे विचारायला सत्यशीलानं तोंड उघडलं आणि समोरून एक टेम्पो आला. वर बांबू, गुंडाळलेल्या चटया, पत्र्याची पेटी, त्याच्यावर कोंबड्यांचा डालगा आणि त्या सगळ्याच्या मधोमध बसलेली चार-दोन बायामाणसं. हंगाम संपत आला होता. ऊसतोडणीचे लोक परत निघाले होते. टेम्पो बाजूनं गेला तशी मालनबाईनं मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघितलं, आणि सत्यशीलानंही आरशात बघितलं. दोघींनाही त्या चटयांचा वास बंद काचेतून येणं शक्य नव्हतं. तरी सत्यशीलाच्या नाकात तो आलाच. मळीचा आंबूस वास, कुजलेल्या पाचटाचा, धुराचा. दसरा झाला की बाप सूर्यभान आणि मालन घराला कुलूप घालून बैलगाडीनं निघायचे, श्रीगोंद्याकडच्या कारखान्याच्या तळावर कोपी घालायचे, आणि चौथीपर्यंत सत्या त्यांच्याबरोबर असायची. कोपी म्हणजे काय, वाकवलेले बांबू, त्यावर चटया, वरून पाचट. माणसाला ताठ उभं राहता यायचं नाही. दार नावाची वस्तू नव्हती, पोत्याचा पडदा. पण त्या कोपीत बसून तिनं पहिल्यांदा बघितलं की वाकवलेला बांबू स्वतःला कसा धरून ठेवतो. हंगाम संपला की सगळं सोडायचं, गुंडाळायचं, गाडीवर टाकायचं. मागं जमिनीवर चुलीची राख तेवढी उरायची आणि पहिल्या नांगरटीत तीही जायची. मातीवर ओरखडासुद्धा नाही. ‘याच्याइतकं निसर्गाला न दुखवणारं घर जगातल्या कुठल्या आर्किटेक्टनं बांधलंय ते मला दाखवा,’ असं ती आपल्या भाषणात म्हणायची, आणि या जागेवर हमखास टाळ्या पडायच्या.

गेल्या वर्षी नाशिकच्या एका सभेत मालनबाई पहिल्या रांगेत बसली होती. नवं लुगडं, हातात कुणीतरी दिलेला गुच्छ. कोपीचं वाक्य आलं, टाळ्या पडल्या, आणि व्यासपीठावरून सत्यशीलाला दिसलं की आई टाळ्या वाजवत नाहीये. पदर सारखा करतेय. बुजली असेल, एवढ्या लोकांत, असं वाटून ती पुढं बोलत राहिली होती. आता तिसगावच्या फाट्यावर गाडीचा वेग कमी करताना तो पदर सारखा करणारा हात तिला लख्ख आठवला, आणि उगाचच तिचे कान तापले. गाडीत गार वारा चालू होता तरी.

पण कोपीतलं तिला खरं जे आठवायचं ते भाषणात सांगण्यासारखं नव्हतंच. ते तिचं एकटीचं होतं. पहाटेच्या गुडुप अंधारात जाग यायची आणि कोपीच्या अंधारात एकाएकी उजेडाच्या पट्ट्या उमटायच्या. चटयांच्या फटीफटींतून सरळ, बारीक, पांढऱ्या पट्ट्या, गोधडीवरून सरकत जाणाऱ्या, धुळीनं भरलेल्या, चंदेरी. ती हात पुढं करायची आणि बोटांवर पट्ट्या पडायच्या. मूठ मिटली की मुठीवर, उघडली की तळव्यावर. सुंदर म्हणजे काय हे तिला तेव्हा कळलं, असं तिला कायम वाटत आलं होतं. पुढं पुण्यात शिकताना, मोठमोठ्या इमारतींची चित्रं बघताना, ती नकळत त्या पट्ट्या शोधायची. तिच्या पहिल्या घरात जाळी होती. दुसऱ्यातही. मासिकवाले फोटो काढायला येत ते त्या जाळीतल्या उजेडाचे. आणि आता त्या पट्ट्या ती आईला परत द्यायला निघाली होती, पक्क्या, दगडामातीच्या घरात. केवढी झकास कल्पना. आणि म्हातारी त्याच्यावर पोळपाट ठेवते.

साइटवर वाल्मिक मिस्त्री दारातच भेटला. चुन्यानं पांढरे झालेले हात त्यानं पोत्याला पुसले आणि मालनबाईच्या पाया पडायला वाकला. “या मालनकाकू. घर बगायला आलात?” माणूस गुणाचा, पण बडबड्या. भिंती दारं-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत आल्या होत्या, वर मोकळं आभाळ. एका खोलीला मात्र दार बसवून टाकलं होतं. चुन्याच्या गोण्या आणि हत्यारं आत ठेवायला. बाभळीचं जुनं जड दार, मालनबाईनंच शेवगावच्या बाजारात ठोकून ठोकून पसंत केलेलं, आतून कडी, बाहेरून कोयंडा.

“वर छप्पर नाही आणि दाराला कुलूप घालतोस होय रे?” सत्यशीला हसली.

“ताई, चोरालाबी मान लागतो. दार लावलेलं दिसलं की त्यो म्हनतो, बंद हाय, जाऊ द्या,” वाल्मिक म्हणाला. “बरं, जाळीचा नमुना लावून ठिवलाय उगवतीच्या भिंतीवर. बगा, अन् हाणा शिट्टी. पोरं वाट बगत्यात.”

त्यानं खरोखर सुरेख काम केलं होतं. उगवतीच्या भिंतीवर दोन हात रुंद आणि कमरेइतकी उंच अशी जाळी त्यानं रचली होती, सांधे सुईसारखे. दहाच्या सुमाराचं ऊन तिच्यातून तिरकं आत आलं होतं आणि मुरुमाच्या जमिनीवर पट्ट्या पडल्या होत्या. उजेड, सावली, उजेड, सावली. चुन्याची धूळ त्या पट्ट्यांत तरंगत होती. सत्यशीलाला इतका आनंद झाला की तिनं हात पुढं केला. बोटांवर पट्ट्या पडल्या. झालं की नाही, म्हणून तिनं वळून आईकडं बघितलं.

मालनबाई उंबऱ्यातून आत आली होती आणि तिथंच थांबली होती. मग ती पुढं निघाली ती सरळ न येता भिंतीच्या कडेकडेनं, सावलीतून. पट्ट्या आल्या तशी तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, दुसऱ्या हातानं छातीशी गच्च धरला आणि अंग चोरून पलीकडच्या कोपऱ्यात गेली. तिला स्वतःला तिनं काय केलं ते कळलंही नव्हतं. तिथं जाऊन ती जोत्याच्या दगडावर हात फिरवत उभी राहिली, जणू मघापासून दगडच बघत होती.

सत्यशीलाचा हात तसाच पुढं राहिला. कोपीतला तो उजेड म्हणजे बॅटरी होती. अगं बाई, ती मुकादमाची बॅटरी होती! हे काय तिला माहीत नव्हतं? माहीतच होतं की. गाडी भरायला उठवायला तो पहाटे कोप्यांच्या रांगेतून बॅटरी मारत यायचा, ‘उठा, गाडी आली’ म्हणत. लहानपणच्या त्या चित्रात त्याचा आवाजही होता, त्याच्या वहाणांची करकरही होती. फक्त तिनं त्यांच्याकडं कधी बघितलं नव्हतं, पट्ट्याच बघत राहिली. आता तिला पट्ट्यांच्या पलीकडचं दिसलं. आई आधीच उठून बसलेली असायची. उजेड यायच्या आधी. पदर असाच गच्च धरलेला, पाय आखडून घेतलेले, आणि बॅटरी कोपीवर आली की ती सत्याच्या डोळ्यांवर हात ठेवायची, ऊसपात्यानं चिरलेला खरखरीत हात. ‘नीज तू.’ सत्याला तो हात नको असायचा, कारण त्यामुळं पट्ट्या दिसायच्या नाहीत. ती बोटांच्या फटीतून बघायची. बॅटरी पुढच्या कोपीवर लवकर जायची नाही. कधीकधी ती थांबायची, वरून खाली, खालून वर फिरायची, बाहेर कुणीतरी खाकरायचं, हसायचं. आत कोण कशी झोपलीय हे बाहेरच्याला दिसत होतं आणि आतल्याला फक्त उजेड. बाप कुशीवर पडल्या पडल्या खोकल्यासारखं करायचा, एवढंच त्याच्या हातात होतं. आणि दिवसाची अंघोळ अंधारातच, लुगड्याच्या आडोशाला, दोघी-तिघी बाया एकमेकींना राखत. किती वर्षं? सत्या चौथीनंतर शाळेच्या वसतिगृहात गेली, पण आई त्यानंतरही जातच राहिली. सूर्यभान गेल्यावरसुद्धा दोन हंगाम. एकटी.

सत्यशीलाला रडू आलं नाही, राग आला. मुकादमाचा आला, स्वतःचा आला, त्या टाळ्यांचा आला. उजेड चांगला असतो, वारा चांगला असतो, मोकळंढाकळं चांगलं असतं. हे सगळं ज्याला दार लावता येतं त्याच्यासाठी. आईला त्यातलं काही नको होतं. तिला दार लावलं की आत कुणाचा डोळा पोचणार नाही अशी एक खोली पाहिजे होती, आणि तशी खोली तिनं गावात ज्यांची ज्यांची बघितली त्यांच्या डोक्यावर स्लॅब होता. मग तिनं स्लॅब मागितला. पोळपाट ठेवला. आणखी कसं सांगणार होती बिचारी?

पण स्लॅब म्हणजे स्लॅबच का? सत्यशीला मुळात हार मानणाऱ्यातली नव्हती, आणि रागाच्या भरात तर तिचं डोकं जास्तच चालायचं. ती त्या बिनछपराच्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. बंद पाहिजे. जड पाहिजे. डोक्यावर काहीतरी भक्कम आहे असं वाटलं पाहिजे. आणि तापायला नको. असं घर तिनं कुठं बघितलंय? बघितलं होतं. आईचं माहेर, पाथर्डीच्या अंगाला. मातीचं माळवद, हातभर जाड, वर पांढरी माती चोपलेली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत पाऊल टाकलं की एकदम काळोख, गारवा, शेणानं सारवलेली भुई, आणि छताला एकच भोक, उजेडासाठी आणि धुरासाठी. त्याला सानं म्हणायचे. हंगामाहून आल्यावर उन्हाळ्यात चार दिवस आई तिथं जायची आणि जेवण झालं की त्या काळोखात भुईवर आडवी व्हायची ती दिवस मावळेपर्यंत उठायची नाही. पाय पसरून, पदर कुठल्याकुठं, तोंड उघडं टाकून घोरायची. आईला तसं झोपलेलं सत्यशीलानं फक्त त्या घरात पाहिलं होतं. पुन्हा कुठंच नाही. नगरच्या चौथ्या मजल्यावरही नाही.

पुढं ते माळवद पडलं. मामालोकही तोडणीला जायला लागले, अर्धं वर्ष घराला कुलूप, चूल बंद, धूर बंद, आणि धूर नाही म्हटल्यावर वाळवीनं तुळया पोखरून टाकल्या. ठीक आहे, मग तुळया लाकडाच्या नकोतच. लोखंडी गर्डर टाकू, दोन गर्डरांच्या मध्ये विटांच्या कमानी, जुन्या रेल्वे स्टेशनांत असतात तशा, आणि त्याच्यावर तीच पांढरी माती आणि चुना, हातभर. भिंती दगडाच्या आहेत, भार हसत घेतील. वरून सपाट, कुरडया वाळत घाल, नाहीतर लोकांना दाखवायला उभी राहा. तिनं खाली बसून तुटलेल्या विटेच्या तुकड्यानं मुरुमावर रेघा ओढल्या, वाल्मिकला हाक मारली आणि धडाधड सांगायला लागली.

“मंजी जाळी न्हाई?” वाल्मिकचा चेहरा पडला. “दोन दिस घातले की ताई त्याच्यात.”

“झाली तुझी जाळी छानच. पण उतरवायची. आज. माझ्यासमोर.”

“अन् हवा?”

“हवेचं मी बघते. खिडक्या खाली आहेत, त्यांना भरीव लाकडी दारं लावू, फटीबिटी नकोत. आणि छताला एक सानं.” तिनं मान वळवली. “आई, ऐकतेस ना?”

मालनबाई कोपऱ्यातून दोन पावलं पुढं आली होती. “स्लॅब न्हाई?”

“स्लॅब नाही. स्लॅब मी माझ्या हातानं तुझ्या डोक्यावर घालणार नाही, काय वाटेल ते कर. माळवद घालते. तुझ्या माहेरासारखं. चारी बाजूंनी बंद, कुठून काही दिसायचं नाही.”

“माळवदाला वाळवी लागती.”

“लाकूड घालतच नाही. लोखंड आणि वीट.”

“अन् ते सानं? त्ये तर भोकच की.”

“त्याला झाकण. दोरी आत, तुझ्या खाटेपाशी. तू ओढलीस तर उघडं, तू सोडलीस तर बंद. बाहेरून कुणाला हात लावता यायचा नाही.”

मालनबाईनं मुरुमावरच्या रेघा बघितल्या. त्यातलं तिला काही कळलं असेल असं नाही. मग तिनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. सत्यशीलाला वाटलं की आता बोलावं. बॅटरीचं मला कळलं म्हणून सांगावं. पण ते शब्द तोंडात घेतले की पुन्हा तो उजेड तिच्यावर पाडल्यासारखं झालं असतं, म्हणून ती एवढंच म्हणाली, “बोल की. उकडायचं नाही, याची हमी माझी.”

“बगू,” मालनबाई म्हणाली, आणि पदर खोचून बाहेर गेली.

वाल्मिकनं पोरांना शिडीवर चढवलं. ओला सांधा, विटा पटापट सुटत होत्या. एकेक वीट निघाली तशी जमिनीवरची एकेक पट्टी शेजारच्या पट्टीत मिसळत गेली आणि शेवटी नुसतं साधं, पसरट ऊन उरलं. सत्यशीलाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पुण्याचं भाषण आता पहिल्यापासून लिहावं लागणार होतं, आणि कोपीच्या त्या वाक्याचं काय करायचं ते तिला अजून सुचत नव्हतं. टाळ्या मात्र त्या जागेवर आता पडू द्यायच्या नाहीत, एवढं नक्की. गर्डरची मापं घेऊन, वाल्मिकला पुन्हा एकदा सगळं वदवून घेऊन ती आईला बघायला बाहेर आली. गाडीत नव्हती. विहिरीपाशी नव्हती. लिंबाखाली डबा तेवढा ठेवलेला. मग तिचं लक्ष त्या एकुलत्या एक दाराकडं गेलं. कुलूप कोयंड्याला उघडं लटकत होतं आणि दार आतून लावलेलं होतं.

ती दाराशी गेली. आत काही आवाज नव्हता. वर आभाळ मोकळं, भिंतीवर चढून कुणीही डोकावलं असतं. पण दार मात्र बंद होतं, पक्कं. ढकलून बघावं म्हणून तिनं हात लावला आणि काय वाटलं कोण जाणे, हात मागं घेतला. बाहेरचा कोयंडा धरून दोनदा वाजवला.

“कोन हाय?” आतून मालनबाईचा आवाज आला. सत्यशीलानं हा आवाज यापूर्वी कधी ऐकला नव्हता. ठणठणीत, थोडा तिरसट, घरच्या मालकिणीचा.

“मी.”

“मी कोन?”

सत्यशीलाला हसू फुटलं. “मी सत्या हाय, आये,” ती म्हणाली. पुण्याला शिकायला गेल्यापासून तिच्या तोंडातून ‘आये’ आलं नव्हतं.

“काय काम हाय?”

“घर बगायला आले. येऊ का आत?”

“थांब जरा.”

सत्यशीला थांबली. आत मालनबाई सावकाश उठल्याचं, लुगडं झटकल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही. ती मुद्दाम वेळ लावतेय हे सत्यशीलाला स्पष्ट कळत होतं. लिंबाखालची पोरं बघत होती, वाल्मिक कपाळावर हात धरून बघत होता, आणि ती उन्हात, स्वतः बांधलेल्या घराच्या दारात, पाहुण्यासारखी उभी होती. शेवटी कडी निघाली. मालनबाईनं एक फळी उघडली, उंबऱ्यात उभी राहिली आणि लेकीला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

“ये,” ती म्हणाली. “पायातलं भाईर काढ.”

सत्यशीलानं खाली वाकून बूट काढले.